मुंबईचा पगार, रत्नागिरीचा खर्च

१९२१ साली मुंबई सरकारने 'लेबर ऑफिस' नावाचं एक नवं खातं उघडलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, धान्याचे भाव चढले होते आणि १९१९-२० या दोन वर्षांत गिरण्यांमध्ये मोठे संप होऊन गेले होते. कामगार म्हणत होते महागाईने कंबरडं मोडलंय, मालक म्हणत होते पगार वाढवून दिलेत की. खरं कोणाचं हे ठरवायला सरकारकडे आकडाच नव्हता. मग फिंडले शिरास नावाच्या अर्थतज्ज्ञाच्या देखरेखीखाली माणसं चाळी-चाळींतून फिरायला लागली. महिन्याला तांदूळ किती लागतो? डाळ? रॉकेल? खोलीचं भाडं? अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं आणि सहाशेच्या आसपास एकटे राहणारे पुरुष, इतक्यांचा हिशेब जमा झाला आणि १९२३ साली तो छापला गेला. मुंबईत जगायला किती पैसे लागतात याचा बऱ्यापैकी नीट मांडलेला हा पहिला सरकारी हिशेब.

शंभर वर्षांपूर्वीचा हा अहवाल मी का उघडला, ते आधी सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, वय अठ्ठावीस, हिंजवडीत नोकरी. आमचं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे गेल्या वर्षी मी विचारलं की राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी राहून काम केलं तर चालेल का. चालेल, असं उत्तर आलं, फक्त सोबत एक तक्ता होता. प्रत्येक ठिकाणाला एक गुणक. पुण्याचा गुणक एक, आमच्या गावासारख्या ठिकाणाचा त्याहून बराच कमी. म्हणजे काम तेच, वेळ तीच, पगार कमी. कारण एका ओळीत दिलेलं होतं: तिकडे खर्च कमी आहे.

यात माझ्या कंपनीने काही नवं शोधून काढलं असं नाही. मे २०२० मध्ये फेसबुकने जाहीर केलं होतं की जे कर्मचारी स्वस्त भागात राहायला जातील त्यांचा पगार तिथल्या मानाने बदलला जाईल. आपलं केंद्र सरकारही हेच करतं. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. मुंबई-पुणे एक्समध्ये, कोल्हापूर-सोलापूर वायमध्ये, रत्नागिरी झेडमध्ये. सध्याचे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. सरकार निदान फक्त भाड्यापुरतं बोलतं. आमचा गुणक सगळ्या पगारालाच लागतो.

पहिल्यांदा मला तो तक्ता योग्यच वाटला. वाकडच्या फ्लॅटचं भाडं वाचणार, भाजी स्वस्त, बाहेर जेवायला जायला हॉटेलच नाही. मी एक्सेल उघडून दोन कॉलम केले आणि खर्च खरंच निम्म्याच्या जवळ आला. पण डेटावर काम करणाऱ्याला एक खोड असते: आकडा आला की तो कुठून आला हे बघायचं. 'तिकडे खर्च कमी' हे पहिल्यांदा कोणी मोजलं, हे शोधत शोधत मी शिरासच्या अहवालापाशी पोचलो. आणि तिथे माझ्या आजोबांसारखी माणसं भेटली.

माझे आजोबा परळच्या गिरणीत सांचे खात्यात होते. त्यांच्या आधी त्यांचे वडीलही मुंबईतच. आमच्याकडे अशा माणसाला चाकरमानी म्हणतात आणि आमच्या भागात चाकरमानी नसलेलं घर शोधावं लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांमध्ये मुंबईतल्या दर पाच माणसांतला जवळजवळ एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला निघायचा. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला.) १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. उरलेल्या बायका कुठे होत्या हे वेगळं सांगायला नको.

अहवालातले आकडे वाचताना घसा कोरडा पडतो. कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिना सुमारे ५२ रुपये. ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत. जवळजवळ निम्मी कर्जात, आणि कर्जाचा नेहमीचा दर रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. शिरासने एक तुलना केली आहे, ती तेव्हा बरीच गाजली: गिरणी कामगार जितकं धान्य खातो ते दुष्काळी कामावरच्या मजुराला सरकार जास्तीत जास्त जितकं देतं तितकं भरतं, पण तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्याहून ते कमी आहे.

कर्ज का, याचं एक कारण अगदी साधं होतं. पगार महिन्याचा, पण तो हातात पडायचा पुढच्या महिन्याच्या मध्यावर. नवा माणूस गिरणीत लागला की पहिला पगार बघायला दीड महिना. तोवर खायचं काय? वाण्याकडे उधारी, खानावळीत उधारी, मग पठाण. एकटे पुरुष जेवायचे खानावळवाल्या बाईकडे. ही बाई बहुतेक गिरणगावातलीच, कोणा कामगाराची बायको किंवा विधवा, दहा-वीस जणांचं दोन वेळचं रांधणारी आणि पगार झाल्यावर पैसे घेणारी. म्हणजे गिरणीने थकवलेला पगार आधी या बाईच्या चुलीतून भागायचा. (अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते १९७५ साली. मधली पन्नास वर्षं मोजा.) राहायला गावाची खोली. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली, भिंतीला ट्रंका, एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर झोपणार. आमच्या गावाची अशी खोली लालबागला होती.

आता मुख्य गोष्ट. शिरासने एकट्या पुरुषांचा हिशेब वेगळा मांडला आहे. त्यात ठळकपणे दिसतं की तो आपल्या मिळकतीतला सुमारे पाव हिस्सा गावाला पाठवतो. पाव! भाडं, जेवण, कर्जाचे हप्ते यातून उरवून. १८८० पासून पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली होती आणि कोकणात तिने जे रूप घेतलं त्याला पुढे मनीऑर्डर अर्थव्यवस्था असं नाव पडलं.

पण याच लेबर ऑफिसने दर महिन्याला राहणीमानाच्या खर्चाचा जो निर्देशांक काढायला सुरुवात केली (जुलै १९१४ म्हणजे १००), त्याची यादी बघा. धान्य, डाळी, इतर खाणं, जळण आणि दिवाबत्ती, कापड, घरभाडं. संपलं. गावाला पाठवायचे पैसे नाहीत. बोटीचं तिकीट नाही. पठाणाचं व्याज नाही. यादी करणारे मूर्ख नव्हते. महिन्या-महिन्याला ज्याचा भाव बाजारात विचारता येतो तेच निर्देशांकात घालता येतं आणि मनीऑर्डरला भाव नसतो. आजही कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढताना घरी पाठवलेले पैसे हा 'उपभोग' धरत नाहीत. सांख्यिकीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. फक्त परिणाम असा होतो की पगारातला पाव भाग हवेत विरतो, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांचा महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडला गेला तेव्हाही, १९३२-३३ च्या पाहणीवरून बनलेल्या नव्या निर्देशांकात, गावाकडचं घर कुठे नव्हतं.

मग ते घर चालायचं कसं? इथे 'तिकडे खर्च कमी' या वाक्याचा खरा अर्थ कळायला लागतो.

रत्नागिरीत पिकणारं धान्य रत्नागिरीला पुरत नसे. जमीन डोंगरउताराची, भातखाचरं थोडी, बाकी वरकस, नाचणी-वरीची. त्यावर खोत. खोताला द्यायचा वाटा धान्यात आणि वर वेठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरमध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, आणि तरीही कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. मोर्चा मुंबईत निघाला यात मला फार अर्थ दिसतो. मनीऑर्डरचे पैसे कुठे जायचे? खोताचं देणं, सावकाराचं देणं, कमी पडलेला तांदूळ. म्हणजे गिरणीतला पगार कोकणातली जमीन टिकवायला जात होता आणि कोकणातली जमीन गिरणीतला पगार कमी ठेवायला उपयोगी पडत होती.

दुसरा भाग जरा उलगडून सांगतो. गिरणी मालकाला कामगार हवा होता. कामगाराची बायको, मुलं, म्हातारे आईबाप, त्याचं आजारपण, त्याचं म्हातारपण हे सगळं जर मुंबईत असतं तर पगार त्या सगळ्यांच्या पोटाला पुरेल इतका द्यावा लागला असता, खोल्या बांधाव्या लागल्या असत्या. ते सगळं गावात होतं. क्षयाने खोकायला लागलेला माणूस गावी जायचा. बेकार झालेला गावी जायचा. म्हातारा झालेला गावीच जायचा. गिरणगावाचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी हे फार नेमकं मांडलं आहे: कामगार गावाला धरून राहिला तो शेतकरी मनोवृत्तीमुळे नव्हे. कधी 'बदली' म्हणून काम मिळेल, कधी नाही, अशा नोकरीत गाव हाच त्याचा विमा होता. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरनेही (ज्यात ना. म. जोशी सदस्य होते) गावाशी असलेला संबंध ही जमेची बाजू आहे, तो तोडू नका, असंच म्हटलं. मालकांना ते ऐकायला गोड वाटलं असेल.

आणि विम्याचा हप्ता कोण भरत होतं? माझी आजी. हे मी भावनेने म्हणत नाही, हिशेबाने म्हणतोय. लावणी, कापणी, गुरांचं शेण, डोक्यावरून गवताचे भारे, सासू-सासऱ्यांची दुखणी, तीन मुलं. आजोबा वर्षातून गणपतीला नाहीतर शिमग्याला, जी रजा मिळेल ती. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चार महिने मुसाकाजीच्या बंदराला कोणी उतरणारच नाही. तिच्या कामाला दर नव्हता, म्हणून तिथलं जगणं स्वस्त. कुठल्याही यादीत तिचा दिवस शून्य रुपयांना लागतो. मी तिला एकदा विचारलं होतं की मनीऑर्डर किती यायची. ती म्हणाली, "बाबू, मनीऑर्डर इली की पयलो वाणी येय. माका तेचो आकडो काय म्हायत?"

गावाच्या विम्याची परीक्षा दोनदा झाली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते आणि संप सहा महिने टिकला याचं एक कारण हे की हजारो जण मुंबई सोडून गावी गेले होते. मुंबईतलं भाडं-जेवण वाचलं, गावात पेज होती. दुसरी परीक्षा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाली. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुन्हा तीच वाट. आजोबाही आले. काका सांगतात, पहिला पावसाळा कौतुकात गेला, घरात इतके महिने बाप असणं ही मुलांना नवलाई होती. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत घरातलं भांडं-कुंडं हलायला लागलं. १९२८ ला गाव संप पेलू शकलं, १९८२ ला नाही, कारण मधल्या काळात गावच मनीऑर्डरवर चालायला लागलं होतं. पगार बंद झाला की मुंबई आणि गाव दोन्ही एकदम बंद. दोन ठिकाणी पाय ठेवलेला माणूस सुरक्षित असतो, पण दोन्ही पाय एकाच फळीवर आहेत हे फळी मोडल्यावरच कळतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले. आणि गंमत अशी की ज्या मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतली खोली वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यात मिळत राहिली, तीच मुंबई त्या खोलीबाहेर पडलेल्यासाठी जगातल्या महागड्या शहरांत गणली जाऊ लागली. शहर महाग की स्वस्त हे तुम्ही तिथे कधी पोचलात यावर ठरतं, हे कुठल्याच वेबसाइटच्या तक्त्यात बसत नाही. अलीकडे गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरं देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांच्या संघटनांनी विरोध केला. सोशल मीडियावर काहींनी लिहिलं की फुकटात मिळतंय ते घ्या ना. 'तिकडे स्वस्त आहे' हे वाक्य या लोकांनी तीन पिढ्या ऐकलंय, हे त्या लिहिणाऱ्यांना कोण सांगणार.

आता माझा एक्सेल. शिरासचा अहवाल वाचून झाल्यावर मी त्यात ओळी वाढवल्या. आईला मधुमेह आहे, डोळ्यांचं काही निघालं तर रत्नागिरी, त्याहून मोठं काही असेल तर अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर. जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेला दिवस. इन्व्हर्टर, कारण पावसाची पहिली सर आली की लाइट जाते. दोन कंपन्यांचं इंटरनेट, एक गेलं तर दुसरं. मुलं झाली तर शाळा. आणि सगळ्यात मोठी ओळ, जिला किंमत कशी लावायची मला अजून सुचलेलं नाही: ही नोकरी गेली तर दुसरी. पुण्यात मी कंपनी सोडली तर समोरच्या इमारतीत मुलाखत देऊ शकतो. गावात माझा पगार हा गावातल्या कशाशीही जोडलेला नाही. १९८२ सारखाच, एका फळीवर. मग 'खर्च कमी' हा फरक माझ्या पगारातून कापायचा, पण ही जोखीम मात्र माझ्याच खात्यावर, हे गणित मला पटत नाही, आणि तसं मी लिहून कळवलं आहे.

अर्थात मी गिरणी कामगार नाही, हेही खरं. आजोबा तिकडून पैसे पाठवत होते, मी पैसे घेऊन इकडे येतोय. कापलेला पगारसुद्धा तालुक्याच्या मानाने राजेशाही आहे. आणि मी ज्या गावात येतोय ते रिकामं होत चाललंय. २००१ ते २०११ च्या दरम्यान रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. म्हणजे १९२१ चा मुंबईतला आकडा अजून इथे उलटा लटकतोय. वाडीत निम्म्या घरांना कुलपं. 'स्वस्त' जागेची हीसुद्धा एक व्याख्या आहे: जिथून मागणारी माणसं निघून गेली ती.

काम करणारीही निघून गेली. कौलं शेकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर तो पुण्याच्या बरोबरीने पैसे मागतो, आणि त्याने का मागू नयेत? आंब्याच्या बागा राखायला, फवारणीला, पेट्या भरायला नेपाळहून माणसं येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता बहुतेक मोठ्या बागा आणि बऱ्याचशा मासेमारी बोटी त्यांच्यावर चालतात. बागेतल्या पत्र्याच्या खोलीत चार-पाच जण, हंगाम संपला की परत. बायको-मुलं बहुतेकांची तिकडे.

आमच्या शेजारच्या बागेतला राखणदार गेल्या मार्चमध्ये संध्याकाळी आमच्या पडवीत यायचा, आमचं वाय-फाय वापरायला. माझ्याहून लहान असेल. मी त्याला विचारलं, घरी किती पाठवतोस. त्याने पाव हिस्सा नाही, निम्म्याहून जास्त सांगितला. इतक्यात तिकडे भागतं का, विचारलं. शंभर भारतीय रुपयांचे तिकडे एकशे साठ होतात, हा दर वर्षानुवर्षं तोच आहे, त्याने बोटांवर गुणाकार करून दाखवला. मग म्हणाला, तांदूळ घरचा आहे, म्हशी आहेत, बायको बघते सगळं. तिकडे खर्च कमी आहे, भाऊ.

मी एक्सेलमध्ये अजून एक ओळ घातली, तिचं नाव काय ठेवायचं ते ठरलेलं नाही. राखणदाराचा पगार बागवाला काका देतो, मी नाही. पण यंदा मी त्याच काकांकडून पेटी घेतली, पुण्याच्या निम्म्या भावाने.